नेव्हिल डिसोझा : मेलबर्नचे तीन गोल

गेल्या पावसाळ्यांत शाळेच्या फुटबॉल संघाबरोबर वांद्र्यास जाण्याचा योग आला. ज्या मैदानावर सामना होता तें नेव्हिल डिसोझा यांच्या नांवानें ओळखलें जातें. आगगाडींत मुलांना मीं सहज विचारलें कीं, हे गृहस्थ कोण? एकानें ते नगरसेवक असावेत असा तर्क केला; दुसऱ्यानें त्यांना क्रिकेटपटू ठरविलें; आणि तिसरा, जो आमच्या संघांत नेमका सेंटर फॉरवर्डच्या जागीं खेळतो, तो प्रश्न ऐकूं न आल्यासारखें करून बुटांच्या नाड्या बांधण्यांत गढून गेला. मुलांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्या वडिलांना विचारलें असतें तरी फारसें निराळें उत्तर मिळालें नसतें. म्हणून यंदाच्या वार्षिकांत या पुरुषाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, भारताचा फुटबॉल संघ आजवर चार वेळां ऑलिंपिक सामन्यांत खेळला : 1948 सालीं लंडन येथें, 1952 सालीं हेलसिंकी येथें, 1956 सालीं मेलबर्न येथें आणि 1960 सालीं रोम येथें. या चारही वेळां मिळून आपल्या संघानें एकंदर दहा गोल केले. त्या दहांपैकीं चार गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांचे आहेत, आणि तेही एकाच आठवड्यांतले. एवढें सांगितलें म्हणजे ते कोण होते याची कल्पना येण्यास हरकत नाहीं.

नेव्हिल स्टीफन जोसेफ डिसोझा यांचा जन्म 3 ऑगस्ट 1932 रोजीं गोमंतकांत, बारदेश महालांतील आसगांव या खेड्यांत झाला. म्हापशाजवळचें हें गांव टेकड्यांच्या कुशींत वसलेलें आहे. गोमंतकांत त्या वेळीं पोर्तुगीजांचा अंमल होता. या बारदेशाचा व फुटबॉलचा संबंध मात्र नेव्हिल यांच्या जन्माच्या पुष्कळ आधीं जडला होता. 1883 सालीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नांवाचे एक धर्मगुरु प्रकृति सुधारावी म्हणून गोमंतकांत आले व आसगांवापासून फार दूर नसलेल्या शिवोली गांवीं राहिले. तेथील मुलांना त्यांनीं हा खेळ शिकविला. पुढें हडफडें येथें त्यांनीं शाळा चालविली, तींतही फुटबॉल हा शिक्षणाचाच एक भाग होता. गोमंतकांत आज गांवोगांवीं, भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या खाचरांतूनसुद्धां, जो फुटबॉल खेळला जातो त्याचें मूळ या आजारी पाद्रीबाबांच्या चेंडूपर्यंत नेऊन पोंचवितां येतें. हवा पालटण्यासाठीं आलेला मनुष्य गांवाची हवाच पालटून गेला, असें म्हणावयास पाहिजे.

त्या काळीं गोमंतकांतील ख्रिस्ती कुटुंबांना पोटासाठीं मुंबईची वाट धरावी लागे. कोणी आगबोटीवर खलाशी किंवा आचारी म्हणून जाई, कोणी वाद्यवृंदांत वाजवी, कोणी शिवणकाम करी, कोणी कचेरींत कारकून होई. धोबीतलाव, माझगांव, गिरगांवचें खोताचीवाडीचें टोंक, आणि पुढें वांद्रे व त्यापलीकडचीं उपनगरें येथें हे लोक स्थायिक झाले. ज्यांना घर नसे ते आपापल्या गांवाच्या कुडांत उतरत. या मंडळींनीं मुंबईंत येतांना आपली गाणीं आणलीं, आपलें खाणें आणलें आणि आपला फुटबॉलही आणला. शाळेच्या पटांगणांत व चर्चच्या आवारांत सायंकाळीं चेंडू उडूं लागे तो प्रार्थनेच्या घंटेपर्यंत. या गोमंतकीय मुंबईच्या वातावरणांतूनच नेव्हिल पुढें आले. त्यांचे बंधु डेरेक हेही नांवाजलेले फुटबॉलपटु झाले.

मुंबईच्या फुटबॉलविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे, कारण आज क्रिकेटच्या गलबल्यांत तो जवळजवळ विसरला गेला आहे. रोव्हर्स चषकाची स्पर्धा येथें 1891 सालीं सुरू झाली, म्हणजे कितीतरी क्रिकेट स्पर्धांच्या आधीं. प्रारंभीं तींत गोऱ्या पलटणींचेच संघ बाजी मारीत. 1937 सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो चषक जिंकला, तेव्हां गोऱ्या पलटणींची सद्दी संपली. कूपरेजच्या मैदानावर अखेरच्या सामन्यास माणसांची अशी दाटी होई कीं, कुंपणाबाहेरच्या झाडांवरही जागा मिळत नसे. पावसाळ्यांत हारवुड लीगचे सामने चिखलांत चालत. त्या चिखलांत चेंडू दगडासारखा जड होई, आणि जो खेळाडू अशा चेंडूस ताब्यांत ठेवूं शके त्याला पुढें कोरड्या मैदानावर कसलीच अडचण वाटत नसे.

खेळून पोट भरण्याची सोय त्या काळीं नव्हती. मोठमोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना आपल्याकडे नोकरी देत व आपल्या संघांतून खेळवीत. दिवसा कचेरी आणि संध्याकाळीं मैदान, असा हा क्रम असे. नेव्हिल मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लब व कॅल्टेक्स या संघांकडून खेळले. यांपैकीं कॅल्टेक्सनें 1958 सालीं रोव्हर्स चषक पटकाविला. आज ज्या खेळाडूंच्या बुटांच्या किंमतींत एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च निघेल, त्यांना हें सारें परीकथेसारखें वाटेल.

आतां ज्या संघांतून नेव्हिल यांनीं नांव मिळविलें त्याची पूर्वपीठिका पाहूं. 1948 सालीं लंडन येथें स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच ऑलिंपिकमध्यें उतरला. आमचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून आपण 1–2 असे हरलों, आणि त्या सामन्यांत आम्हांस मिळालेले दोन पेनल्टीचे फटके वायां गेले. तरीही बूट न घालणाऱ्या या मुलांचें विलायतेंत कौतुक झालें, आणि कौतुकानें आम्ही थोडे फुगलों, असें मला वाटतें. 1951 सालीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांत इराणला 1–0 असें हरवून सुवर्णपदक मिळाल्यावर तर शंकेस जागाच उरली नाहीं. 1952 सालीं हेलसिंकीच्या थंडींत युगोस्लाव्हियाशीं गांठ पडली. त्या सामन्याचा निकाल मुलांनीं पाठ करून ठेवावा असा आहे. युगोस्लाव्हिया दहा, भारत एक. त्यानंतर आमच्या फुटबॉल मंडळानें बूट घालून खेळणें सक्तीचें केलें. अनवाणी पायांची ती कथा ऐकावयास गोड आहे. पण ओल्या, गार जमिनीवर ती दहा गोलांना पडली.

हेलसिंकी आणि मेलबर्न यांच्यामधील चार वर्षांत भारताचा संघ शेजाऱ्यांशीं वरचेवर खेळला. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश व सिलोन या चार देशांनीं 1952 सालीं कोलंबो चषकाची स्पर्धा सुरू केली. सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, हा लहानसा बेटांचा देश. परंतु या स्पर्धेचा पहिला यजमान तोच होता व चषकासही त्याच्याच राजधानीचें नांव मिळालें. पहिल्या वर्षीं भारत व पाकिस्तान हे संयुक्त विजेते ठरले. पुढें 1953 सालीं रंगून, 1954 सालीं कलकत्ता व 1955 सालीं ढाका येथें भारतच जिंकला. बूट घालून, परक्या मैदानावर, एकाच आठवड्यांत दोन-तीन सामने खेळण्याची संवय आम्हांस या स्पर्धेनें लावली. मोठ्या देशांनीं लहान शेजाऱ्यांशीं खेळण्यांत कमीपणा मानूं नये, हें तेव्हांच्या चालकांना कळत होतें.

या संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानेंही ते शाळामास्तरच. त्यांनीं तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानें 1950 पासून 1954 पर्यंत लागोपाठ पांच वेळां रोव्हर्स चषक मुंबईंतून उचलून नेला. कूपरेजच्या प्रेक्षकांनीं यावरून त्यांची योग्यता ओळखली होती. किंबहुना मुंबईच्या खेळाडूंना ती फारच चांगली कळली होती, कारण मार त्यांनीं खाल्ला होता. रहीमसाहेबांचा कटाक्ष असा कीं, चेंडू जमिनीवर ठेवावा, लवकर द्यावा, आणि आघाडीच्या सर्व खेळाडूंनीं एका ओळींत उभें राहून बचाव करणाऱ्यांचें काम सोपें करूं नये. एकानें थोडें मागें राहून खेळ जुळवावा व दुसऱ्यानें अगदीं पुढें गोलापाशीं टपून राहावें, ही युरोपांतील नवी पद्धत त्यांनीं आपल्या संघांत आणली. त्यांतील पुढची जागा नेव्हिल यांना मिळाली.

ही जागा दिसते तितकी सोपी नाहीं. ज्याला आपण गोल करणारा म्हणतों तो सामन्यांतील बहुतेक वेळ रिकामाच असतो. चेंडू इतरांकडे असतो. पाठीशीं दोन धिप्पाड माणसें उभीं असतात. आणि प्रेक्षकांस वाटतें कीं, हा कांहीं करीतच नाहीं. मग केव्हां तरी एक क्षण असा येतो कीं, चेंडू कोठें पडेल हें त्याला इतरांच्या आधीं कळलेलें असावें लागतें. तो क्षण चुकला कीं नव्वद मिनिटें फुकट. वर्गांत हात वर करण्यास जे विद्यार्थी नेहमीं अर्धा क्षण उशीर लावतात, त्यांना मीं काय म्हणतों तें समजेल. नेव्हिल यांच्या अंगीं हें जाणण्याची शक्ति होती, आणि मेलबर्नला ती जगानें पाहिली.

1956 च्या नोव्हेंबरांत दक्षिण गोलार्धांत प्रथमच ऑलिंपिक सामने भरले. जगाची स्थिति त्या वेळीं फार अस्वस्थ होती. हंगेरींत रशियन रणगाडे शिरले होते; सुएझ कालव्यावरून लढाई पेटली होती. अनेक देशांनीं आपले संघ पाठविले नाहींत. फुटबॉलमध्यें अखेर अकराच संघ उरले. भारताची पहिली गांठ हंगेरीशीं, म्हणजे हेलसिंकीच्या विजेत्या देशाशीं, पडावयाची होती. पण हंगेरीचा संघ आलाच नाहीं, आणि भारतास न खेळतां पुढची चाल मिळाली. उपउपांत्य फेरींत समोर यजमान ऑस्ट्रेलिया उभा राहिला. भूगोलाच्या पुस्तकांत ज्याला कोणी सर्वांत लहान खंड म्हणतात तर कोणी सर्वांत मोठें बेट, तोच हा देश.

1 डिसेंबर 1956 रोजीं मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्क मैदानावर हा सामना झाला. संघनायक होते मोहन बागानचे समर बॅनर्जी. ते वैद्यकीचे विद्यार्थी होते. उजव्या बगलेस वीस वर्षांचे प्रदीपकुमार बॅनर्जी होते. संघांत मुंबईच्या क्लबांतून खेळणारे दुसरे एक खेळाडू होते, ते गोलरक्षक एस. एस. नारायण. नवव्या मिनिटास नेव्हिल यांनीं पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनीं बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटास पुन्हां नेव्हिल. एकेचाळिसाव्या मिनिटास पुन्हां मॉरो. मध्यंतरास दोन-दोन. यजमानांच्या मैदानावर, त्यांच्याच माणसांपुढें, दोनदां पुढें जाऊन दोनदां बरोबरी पत्करलेल्या संघाची मनःस्थिति कशी असते हें ज्यांनीं शाळेकडून एक तरी सामना खेळला आहे त्यांस सांगणें नको. पाय जड होतात. एकमेकांवर चिडचीड सुरू होते. आणि तिसऱ्या वेळीं पुढें जाण्याची उमेदच राहत नाहीं. मध्यंतरानंतर पांचच मिनिटांनीं, पन्नासाव्या मिनिटास, नेव्हिल यांनीं तिसरा गोल केला. ऑस्ट्रेलियाला त्याची बरोबरी करतां आली नाहीं. ऐंशीव्या मिनिटास जे. कृष्णस्वामी, ज्यांना सर्वजण किट्टू म्हणत, यांनीं चौथा गोल करून सामना संपविला.

एका ऑलिंपिक सामन्यांत तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे आशिया खंडांतील पहिले खेळाडू ठरले. आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरींत जाणारा भारत हा आशियांतील पहिला देश ठरला. नेव्हिल यांचें वय तेव्हां चोवीस वर्षांचें होतें.

या ठिकाणीं एक गोष्ट नमूद केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ज्या दिवशीं त्यांनीं भारतासाठीं हे तीन गोल केले, त्या दिवशीं त्यांचें जन्मगांव भारतांत नव्हतें. आसगांवावर पोर्तुगालचा झेंडा फडकत होता. 1955 च्या 15 ऑगस्टला गोमंतकाच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले होते, आणि त्यानंतर हिंदुस्थान व गोमंतक यांमधील येणेंजाणें फार कठीण झालें होतें. मुंबईंत राहणाऱ्या कित्येक गोमंतकीयांना आईबापांचें शेवटचें दर्शनही घेतां आलें नाहीं. गोमंतक मुक्त झाला तो 19 डिसेंबर 1961 रोजीं, म्हणजे मेलबर्ननंतर पांच वर्षांनीं. ज्याचें गांव परक्या राज्यांत आहे, त्या मुलानें छातीवर अशोकचक्र लावून जगापुढें उभें राहावें, ही गोष्ट कांहीं लहान नव्हे. या विषयावर कोणीं त्या वेळीं भाषणें केलीं नाहींत, तें एका परीनें बरेंच झालें.

उपांत्य सामना 4 डिसेंबरला मेलबर्न क्रिकेट मैदानावर झाला. प्रतिपक्षी तोच, युगोस्लाव्हिया, ज्यानें चार वर्षांपूर्वी दहा गोल लादले होते. मध्यंतरापर्यंत कोणासच गोल करतां आला नाहीं. बावन्नाव्या मिनिटास नेव्हिल यांनीं चेंडू जाळ्यांत धाडला, आणि भारत 1–0 असा पुढें गेला. माझ्या मतें आपल्या फुटबॉलच्या इतिहासांतील सर्वांत उंच जागा हीच. ती फक्त दोन मिनिटें टिकली. चौपन्नाव्या मिनिटास युगोस्लाव्हियाच्या पापेच यांनीं बरोबरी केली. सत्तावन्नाव्या मिनिटास व्हेसेलिनोविच यांनीं त्यांना पुढें नेलें. पासष्टाव्या मिनिटास पुन्हां पापेच. आणि शेवटीं एक गोल आमच्याच खेळाडूच्या पायानें आमच्यावर झाला. निकाल 1–4. बदली खेळाडू घेण्याची सोय त्या काळीं नव्हती. दमलेल्या माणसांनींच शेवटपर्यंत धांवावयाचें. पण हेलसिंकीचे दहा आणि मेलबर्नचे चार यांची तुलना करूं नये; तुलना करावयाची ती त्या दोन मिनिटांची. चार वर्षांपूर्वी ज्या संघापुढें आम्हांस उभेंही राहतां आलें नव्हतें, तो संघ मध्यंतरानंतर आमच्यामागें होता.

कास्यपदकाचा सामना 7 डिसेंबरला बल्गेरियाशीं झाला. तो भारतानें 0–3 असा गमावला. पदक हुकलें, चौथें स्थान मिळालें. सर्वांत अधिक गोल करणाऱ्यांच्या यादींत मात्र चार गोलांसह नेव्हिल यांचें नांव बल्गेरियाचे दिमितार मिलानोव व युगोस्लाव्हियाचे तोदोर व्हेसेलिनोविच यांच्या बरोबरीनें पहिलें लागलें. ज्या दोन संघांनीं आपणांस हरविलें त्यांच्याच खेळाडूंशेजारीं आपल्या माणसाचें नांव यावें, ही या यादींतील मौज आहे.

मुंबईस या साऱ्याची किती दखल घेतां आली असेल? 6 डिसेंबरला दोन गोष्टी घडल्या. मेलबर्नमध्यें भारतानें पाकिस्तानला 1–0 असें हरवून हॉकीचें सुवर्णपदक पुन्हां जिंकलें. आणि इकडे दिल्लींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें देहावसान झालें. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ज्या दिवशीं मेलबर्नला बल्गेरियाविरुद्धचा सामना झाला त्याच 7 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेसाठीं दादरच्या चौपाटीकडे लाखों माणसांचा समुद्र लोटला होता. शहर शोकांत बुडालेलें होतें. फुटबॉलच्या चौथ्या स्थानाची बातमी अशा दिवशीं कोणाच्या लक्षांत राहणार? त्याबद्दल कोणास बोल लावतां येणार नाहीं. जे खेळाप्रीत्यर्थ हळहळले असतील त्यांचेंही समाधान हॉकीच्या सुवर्णानें झालें असेल. नेव्हिल यांच्या कीर्तीचा दिवसच असा उगवला कीं, त्याकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती.

कांहीं जाणते लोक असें म्हणतात कीं, मेलबर्नला मोठे संघ आलेच नव्हते, हंगेरी न खेळतां गेला, तेव्हां चौथ्या स्थानाचें एवढें काय? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं, आणि मुलांनीं तो ऐकून ठेवावा. हंगेरीशीं सामना झाला असता तर काय झालें असतें हें कोणीं सांगावें? परंतु ऑस्ट्रेलियावरचा विजय नशिबाचा होता असें ज्यांना वाटलें त्यांचें उत्तर तेथेंच मिळालें. ऑलिंपिक आटोपल्यावर 12 डिसेंबरला सिडनी येथें दोन्ही देशांत मैत्रीचा सामना झाला. तो भारतानें 7–1 असा जिंकला. नशीब एकदां चार देतें. बारा दिवसांच्या आंत पुन्हां सात देत नाहीं.

त्यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. नेव्हिल मुंबईच्या मैदानांवर खेळत राहिले. 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या संघांत ते नव्हते. त्या संघानें फ्रान्सशीं 1–1 अशी बरोबरी केली, हंगेरी व पेरू यांच्याकडून तो हरला, आणि त्यानंतर आजतागायत भारताचा पुरुषांचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्यें दिसलेला नाहीं. सरकारनें 1961 सालीं खेळाडूंसाठीं अर्जुन पुरस्कार सुरू केला. मेलबर्नच्या संघांतील प्रदीपकुमार बॅनर्जी, बलराम व थंगराज यांना तो यथाकाल मिळाला. चार गोल करणाऱ्या नेव्हिल यांना मात्र तो कधींच मिळाला नाहीं. पुरस्कार सुरू झाला तेव्हां त्यांच्या खेळाचा भर ओसरला होता हें खरें. पण मागें वळून पाहण्यास सरकारास कोणीं मनाई केली नव्हती. रहीमसाहेब 1963 सालीं वारले. त्याआधीं एकच वर्ष, 1962 सालीं, त्यांच्या शिष्यांनीं जकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक पुन्हां एकदां मिळविलें होतें. ज्या रोव्हर्स चषकानें मुंबईला फुटबॉल दाखविला तो विसावें शतक संपतां संपतां बंद पडला.

अलीकडे लहान लहान बेटांच्या देशांचे संघ जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंत झळकतात, तें पाहून आमचे विद्यार्थी अचंबा करतात. आइसलँडची लोकसंख्या 2018 सालीं साडेतीन लाखांच्या आंतबाहेर होती. आमच्या एका अंधेरींत त्याहून अधिक माणसें राहतात. तरी तो संघ 2018 सालीं रशियांत विश्वचषक खेळला. मग एवढ्या मोठ्या भारतास तें कां साधत नाहीं, असा प्रश्न वर्गांत हमखास येतो. याचें उत्तर माझ्यापाशीं तयार नाहीं. इतकेंच सांगतां येईल कीं, सात बेटें जोडून झालेल्या या शहरांतून, धड एक बरें मैदान व कचेरींतली एक नोकरी एवढ्या आधारावर, एक मुलगा एकदां तेथवर गेला होता.

नेव्हिल डिसोझा यांचें निधन 17 मार्च 1980 रोजीं झालें. पन्नाशी गांठण्यासही त्यांना तीन वर्षें उणीं होतीं.

वांद्र्याच्या त्या मैदानावर आतां कृत्रिम हिरवळ अंथरलेली आहे. चिखल होत नाहीं. चेंडू जड होत नाहीं. आमचा सामना आम्ही 1–2 असा हरलों. परतीच्या गाडींत, अंधेरी गेल्यावर थोडी जागा मोकळी झाली तेव्हां, आमच्या सेंटर फॉरवर्डनें आपण होऊन माझ्याजवळ येऊन विचारलें कीं, मेलबर्नचा तिसरा गोल कितव्या मिनिटास झाला होता. मीं त्याला सांगितलें, पन्नासाव्या. त्यानें बोटें मोजून पाहिलीं. त्याची स्वतःची सोन्यासारखी संधी मध्यंतरानंतर साधारण त्याच सुमारास हुकली होती. बोरिवली येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत बसला.